धुक्यातल्या बाईची गोधडी

फार पूर्वीची गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं. पौष लागला की त्या नदीवर असं धुकं उतरे, की पलीकडचा काठ जागेवर आहे की नाही तेच कळत नसे. त्या गावात एक नावाडी राहत होता. घरात त्याची बायको आणि दोन मुली, थोरली भागू आणि धाकटी सारजा.

धुक्यात होडी चालत नाही. मग त्या दिवसांत नावाड्याचं सगळं घर एकाच कामाला बसे, गोधडी शिवायला. विकायला नाही, कुणी सांगितलं म्हणूनही नाही. त्यांना त्याचा नादच होता. घरातली जुनी, मऊ झालेली कापडं एका गाठोड्यात जमवलेली असत. ती अंथरायची, त्यांवर ठिगळं मांडायची आणि चौघांनी चार बाजूंनी टाके घालत मध्याकडे यायचं. हात चालत तशा गोष्टीही चालत. हा तुकडा कुणाचा, तो कसा फाटला, तेव्हा कोण हसलं, कोण रडलं. आईनं सांगायचं आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

सारजाचा हात सगळ्यांत सुरेख. तिचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा सरळ जाई. बाबांचे टाके मात्र होडीचा दोर वळावा तसे जाड, आणि आईची नजर अधू झाल्यामुळे तिची ओळ भलतीकडेच भरकटे. ते पाहून सारजाच्या कपाळावर आठी पडे. गोष्टींचा तर तिला मनस्वी कंटाळा. "आई, पुरे गं, तेच तेच," असं म्हणून ती मध्येच उठून जाई.

त्या वर्षी भागू बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. सासरची माणसं येणार, आणि माहेरच्या गोधडीत बाळाला गुंडाळून पाळण्यात घालायचं, ही तिथली रीत.

सारजा म्हणाली, "या वेळची गोधडी मी एकटी शिवणार. चार माणसांत आपलं हसं नको."

आई म्हणाली, "अगं, एकट्याच्या हातची गोधडी अंगाला लागत नाही. सगळ्यांचे चार चार टाके पडू देत."

"तुमचे टाके पाहून भागूची सासू काय म्हणेल, कळतंय का?"

बाबांनी हातातली सुई गवताच्या पेंढीत खोचून ठेवली.

सारजा गाठोडं काखेत मारून नदीकाठच्या कातळावर जाऊन बसली. सकाळ होती, पण धुक्यामुळे ऊन कुठे दिसत नव्हतं. तिनं टाके घातले आणि उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. जुनी कापडं ती. कुठे विरलेली, कुठे ताणलेली. सरळ ओळ त्यांच्यावर बसेना.

"दमलीस का पोरी?"

सारजा दचकली. पाण्याच्या बाजूला एक बाई उभी होती. होडीचा आवाज नाही, वल्ह्याचा नाही. तिच्या लुगड्याला कसला रंगच नव्हता. धुक्यानं सारजाचे केस ओले होऊन कपाळाला चिकटले होते, पण त्या बाईचे केस ठणठणीत कोरडे होते.

"दे ते इकडे, मी शिवते," बाई म्हणाली. "अशी शिवीन, की एक टाका दुसऱ्यापेक्षा तसूभर मोठा निघायचा नाही."

"आणि मोबदला काय घ्याल?"

"मला काय करायचाय मोबदला! गोधडी तुझी. हे जुने तुकडे तेवढे माझे."

सारजाला वाटलं, चिंध्याच तर आहेत. तिनं गाठोडं पुढे केलं. बाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तान्ह्या मुलाला धरावं तसं छातीशी धरलं. जाता जाता तिनं पदराला खोचलेली सुई काढली. तेव्हा सारजाला दिसलं, की सुईत दोरा नाही.

तिसऱ्या दिवशी त्याच कातळावर गोधडी घडी घालून ठेवलेली होती. राखाडी, गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही. टाके इतके सारखे, की पाहता पाहता डोळे फिरावेत. सारजानं ती नाकाशी नेली. तिला कसलाच वास नव्हता. कापडाचा नाही, धुराचा नाही, माणसाचा तर नाहीच.

घरी काय सांगायचं, याची तिनं वाटेत जुळवाजुळव केली होती. गाठोड्यातले तुकडे यात का नाहीत, असं आई नक्की विचारणार. पण आईनं विचारलंच नाही. बाबांनी गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाले, "छान आहे." मग हात झटकून चुलीपाशी धरला.

त्याच दिवशी बाळाला त्या गोधडीत गुंडाळलं.

बाळ रडायचं थांबलं. पहिल्या दिवशी भागूला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की बाळ झोपतही नाही. डोळे उघडे ठेवून ते आढ्याकडे बघत राही, कोणीतरी तिथून बोलत असावं तसं. हातपाय पहाटेच्या पाण्यासारखे गार. गोधडी काढली, शेक दिला, उराशी धरलं, तरी गारवा जाईना. सुईण आली, बाळाला हात लावला आणि मान हलवून निघून गेली.

बाराव्या दिवशी पाहुणे आले. पाळणा बांधला. भागूच्या नणंदेनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, नाव ठरवून आणलं होतं. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तशीच थांबली.

"अगं, घे ना नाव," सासू म्हणाली.

"आत्ता होतं जिभेवर," आत्या म्हणाली. "वाटेत शंभरदा म्हटलं मी."

ती पुन्हा वाकली. ओठ हलले, पण नाव काही आलं नाही. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "मला कळत नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी कुणाच्या पाळण्यावर वाकले आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. घुगऱ्या तशाच राहिल्या. सासू म्हणाली, "या पोरीला नाव लागत नाही," आणि भागू ओक्साबोक्शी रडू लागली.

सारजानं आईला बाजूला ओढलं. "आई, काकाचं लाल पागोटं आठवतं ना तुला? गाठोड्यात होतं ते?"

"कोण काका?" आईनं विचारलं.

"बाबांचा भाऊ!"

"तुझ्या बाबांना कुठे भाऊ होता?" असं म्हणून आई तिच्याकडे परक्यासारखी बघू लागली.

बाबांना आजोबांबद्दल विचारलं, तर ते म्हणाले, "माझा बाप? असेल की कुणीतरी." आणि ओटीवर बसून आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिले.

तेव्हा सारजाला उमगलं. ज्यांनी जे मनात जपलं होतं, ते त्या बाईनं तुकड्यांबरोबर नेलं. सारजानं मात्र काही जपलंच नव्हतं. तिच्या कानांवरून जे नुसतं गेलं होतं, ते कानांतच कुठेतरी पडून होतं. म्हणून फक्त तिलाच आठवत होतं.

तिनं राखाडी गोधडी उचलली, काठावर गेली आणि भर दुपारी, धुक्यात, बाबांची होडी सोडली.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. धुकं तिथूनच उठे, म्हणून गावातलं कुणी तिथं उतरत नसे. सारजा उतरली. झाडाझाडाला गोधड्या वाळत घातल्या होत्या. वारा नव्हता, तरी त्या हळूहळू वर-खाली होत होत्या, झोपलेल्या माणसाची छाती व्हावी तशा. त्यांच्यामध्ये ती बाई बसली होती. मांडीवर गाठोडं सोडलेलं. तिनं लाल पागोट्याचा तुकडा गालाला लावला आणि तोंड उघडलं, तर त्यातून पुरुषाचा आवाज आला, "होडी लागली होऽऽ, या रे, या!"

सारजानं राखाडी गोधडी तिच्यापुढे टाकली. "ही तुमची गोधडी घ्या," ती म्हणाली. "आमची माणसं आम्हाला परत द्या."

"तूच तर दिलीस," बाई आपल्या आवाजात म्हणाली. "माझं कोणी नाही पोरी. कधी नव्हतंच. मग मी दुसऱ्यांची माणसं पांघरते." तिनं मांडीवरचे तुकडे पसरले. "पण मी लबाड नाही. तुकडा कुणाचा ते सांग आणि घेऊन जा. जो सांगता येणार नाही, तो माझा."

सारजा ओल्या वाळूत बसली. बाईनं एक पांढरा तुकडा पुढे केला.

"हे आजोबांचं धोतर," सारजा म्हणाली. "पुरात आपल्याच नवरीला घेऊन येताना होडीला भोक पडलं. आजोबांनी अर्धं धोतर फाडून भोकात कोंबलं आणि अर्ध्या धोतरावर लग्नाला उभे राहिले."

तुकडा तिच्या हातात आला. तो ऊबदार होता.

हिरवा तुकडा आला. "हे आजीचं लुगडं. साथीच्या वर्षी पलीकडच्या गावाला कुणी शिवत नव्हतं. आजी रोज काठावर भाकऱ्या ठेवून यायची. पदरात बांधून न्यायची, म्हणून पदर तेवढा विरलाय."

मग चोळीचा खण. "हा आईचा. नवरी होऊन ती याच होडीतून आली. पाण्याला घाबरली आणि बाबांच्या अंगावर ओकली. बाबा हसले, तेव्हा तिची भीती गेली."

मग पागोटं. "हे काकाचं. धुक्यात कुणाचं तरी वासरू पलीकडे राहिलं होतं, ते आणायला गेला. होडी एकटीच परत आली. आत पागोटं होतं."

बाईनं खाली मान घालून तेही दिलं. आता तिच्या मांडीवर एकच तुकडा उरला. पिवळा, बारीक ठिपक्यांचा, हाताएवढा.

सारजा त्याच्याकडे पाहत राहिली. तिला ती दुपार आठवली. आईनं हा तुकडा हातात घेतला होता, डोळ्यांत पाणी आणून हसली होती आणि म्हणाली होती, "आणि हा पिवळा, हा तर…" पुढे? पुढे सारजाला आपलाच आवाज ऐकू आला. "आई, पुरे गं, तेच तेच." आणि मग ती वेणी घालायला उठून गेली होती.

"सांग," बाई म्हणाली.

"लहान मुलाचं झबलं असेल. आमच्या घरातलं कुणी…"

"कुणी?"

सारजानं खूप आठवलं. ती रडली, वाळूवर डोकं टेकवलं, "थोडा वेळ द्या" म्हणाली. बाईनं वेळ दिला. पण जे ऐकलंच नव्हतं, ते आठवणार कुठून? शेवटी बाईनं पिवळा तुकडा पदराखाली घेतला आणि फार मायेनं त्याला थोपटू लागली. धुक्यातून एक बारीक, खुदकन हसण्याचा आवाज आला. सारजानं असं हसणं कधी ऐकलं नव्हतं.

दिवे लागायच्या आत ती घरी पोचली. आईच्या पुढ्यात तिनं चार तुकडे ठेवले आणि केलं ते सगळं सांगून टाकलं. आईनं पागोट्याला हात लावला आणि तिच्या तोंडून हुंदका फुटला, "अगं बाई, भावोजी!" बाबांनी धोतराचा तुकडा डोळ्यांना लावला.

"आई, बाबा, बसा," सारजा म्हणाली. "भागू, तूही. आणि आत्याबाई, तुम्हीसुद्धा. माझी ओळ सरळ नसली तरी चालेल."

पाचही जण बसले. बाबांचे दोरासारखे टाके पडले, आईचे भरकटले, आत्याबाईंच्या हाताला सवय नव्हती म्हणून एका कोपऱ्याला चुण्या आल्या. सारजानं एकही टाका उसवला नाही. प्रत्येक तुकड्याची गोष्ट तिनं आईला पुन्हा पुन्हा विचारली. ती वेडीवाकडी गोधडी बाळाभोवती गुंडाळली. बाळाच्या नाकपुड्या हलल्या, त्यानं वास घेतला, ओठ थरथरले आणि ते असं टाहो फोडून रडलं, की शेजारी दारात आले. आत्या पाळण्यावर वाकली आणि रडण्याच्या वरचा आवाज काढून म्हणाली, "केशर! केशर! केशर!"

केशर मोठी झाली. ती गोधडी विटली, फाटली आणि पुढच्या गोधडीत गेली. सारजाच्या हातून पुढे कितीतरी गोधड्या झाल्या, आणि तुकड्यांच्या गोष्टी सांगायचं कामही हळूहळू तिच्याकडेच आलं.

पण पितृपक्षात त्या घरी अंगणात पानं वाढतात, तेव्हा एक पान आजोबांचं म्हणून मांडतात, एक आजीचं, एक काकाचं. मग सारजा आणखी एक लहानसं पान मांडते. त्याच्यासाठी कुणाचं नाव घ्यायचं, हे घरात कुणालाच माहीत नाही. कावळे येतात आणि बाकीच्या पानांना शिवतात. त्या लहान पानापाशी ते थबकतात, मान वाकडी करून बघतात आणि न शिवताच उडून जातात. सारजा हात जोडून तिथंच बसून राहते, ऊन उतरेपर्यंत.

तात्पर्य: आपल्या माणसांच्या हातची वेडीवाकडी वस्तू माया राखून ठेवते, पण तिची गोष्ट ऐकायला ज्याला वेळ नसतो, तो वस्तूबरोबर माणूसही गमावतो.