मोडेमच्या गळ्यात वीणा

“मग आता तरी उतरला का महाराज, माझ्या गळ्यातला पहारा?”

वैजनाथानं हे विचारलं तेव्हा त्याच्या हाताला ग्रीस होतं, खिशात स्क्रू ड्रायव्हर होता आणि छाती चांगली वीतभर पुढं आलेली होती.

मुकुंदबुवा मठाच्या ओट्यावर तुळशीची माळ ओवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाच्या गळ्यात घातलास?”

“मोडेमच्या.”

बुवांनी एक मणी ओवला.

“त्याला गळा असतो?”

इथं थोडं मागं जायला हवं, नाहीतर हा गळ्याचा घोळ कळायचा नाही.

मठाची गोशाळा मोठी. शेणाच्या गॅसवर दोन इंजिनं चालायची, एकेक ट्रकएवढं, गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये. त्यांच्या विजेवर मठाचा दवाखाना चालायचा आणि दूध गार करायची डेअरी. वैजनाथ कुटे शिकलेला इंजिनिअर. पुण्यात बरी नोकरी होती, ती सोडून तो बुवांकडं अनुग्रह घ्यायला आला. गुरूनं कानात नाम सांगायचं, शिष्यानं ते जन्मभर घ्यायचं, झाला अनुग्रह. वैजनाथाला वाटलं होतं, सकाळी जाऊ, दुपारपर्यंत आटपेल.

बुवांनी त्याला इंजिनाच्या शेडमध्ये नेलं.

“सप्ताहातला वीणेचा पहारा पाहिलास ना?”

पाहिला होता. सप्ताह बसला की वीणा रात्रंदिवस वाजती राहते. ज्याच्या गळ्यात ती आहे, त्यानं ती खाली ठेवायची नाही, गप्प होऊ द्यायची नाही. दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, मगच पहिला सुटतो.

“तसाच हा पहारा,” बुवा म्हणाले. “शेड रिकामी ठेवायची नाही. दुसऱ्याच्या गळ्यात पहारा घातलास की ये माझ्याकडं. नाम देतो.”

ऐकायला सोपं होतं. पण दुसरा गळा काही मिळेना. शेडमध्ये उकाडा असा आणि आवाज असा, की आलेला माणूस पुन्हा तोंड दाखवायचा नाही. जेवणापुरता, झोपेपुरता डेअरीतला केशव येऊन टेकायचा. पण पहारा घेतोस का म्हटलं, की केशवचं पोट दुखायला लागायचं.

वर्षं गेली. वैजनाथाच्या मागून आलेले लोक कानात नाम घेऊन, कपाळाला बुक्का लावून आपापल्या गावी गेले. त्यातल्या काहींना तर साधा दिव्याचा फ्यूज बदलता येत नव्हता. हे त्याला फार लागायचं. इंजिनाच्या आवाजात रडलं तर कुणाला ऐकू जात नाही, एवढी एक सोय होती.

मग एक दिवस त्याच्या डोक्यात मोडेम आलं.

इंजिनाला पॅनेल असतं. तेलाचा दाब किती, पाणी किती तापलं, फेरे किती पडले, सगळं त्याला ठाऊक असतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि मोडेमनं फोनवर पाठवायचं. मग माणसानं शेडमध्ये बसायचं कशाला?

आणि काम देखणं झालं, हे कबूल करायलाच हवं. आधी पॅनेलचं बोलणं मोडेमला कळेना. एक भरभर बोलायचं, दुसरं सावकाश ऐकायचं. वैजनाथानं दोघांचा वेग जुळवला. मोडेम इंजिनावर ठोकलं असतं तर थरथरून खिळखिळं झालं असतं, म्हणून ते भिंतीवर बसवलं, तेही खाली रबर घालून. पत्र्याच्या आत रेंज मिळेना, म्हणून अँटेना वायरीनं बाहेर खांबावर नेली. आणि एवढं सगळं करून तो गप्प बसणारा नव्हता. बुवांना हाताला धरून शेडपाशी आणलं आणि एकेक गोष्ट दाखवली.

“ही बोटभर अँटेना दिसते ना महाराज? हाच त्याचा कान आणि हेच तोंड.”

“फिरवून बसवतात का रे ही?”

“फिरवून. अगदी सोपं.”

बुवा निरखून बघत होते. कौतुकानं, असं वैजनाथाला वाटलं.

ही झाली सकाळची गोष्ट. आता पुन्हा ओट्यावर येऊ.

“गळा नसेना का, महाराज. डोळा आहे.” वैजनाथानं फोन पुढं धरला. “इथं बसा नाहीतर काशीत बसा, दोन्ही इंजिनं तळहातावर. काही बिघडलं की हे ओरडणार. ओरडलं नाही, म्हणजे सगळं ठीक.”

“आत्ता ओरडत नाही...”

“नाही.”

“म्हणजे?”

“सगळं ठीक.”

“दोन्ही?”

“दोन्ही हिरवी. बघा ना.”

“छान,” बुवा म्हणाले आणि पुढचा मणी उचलला.

सभामंडपात सप्ताह चालू होता. आतून वीणा ऐकू येत होती, मध्येच एखादा टाळ. वैजनाथ पायरीवर बसला आणि मान जरा तिरकी करून त्यानं उजवा कान बुवांच्या बाजूला आणला. नाम सांगायला बुवांना उगाच वाकायला लागू नये.

बुवा माळ ओवत राहिले.

माळ कुणासाठी चालली आहे, हे न कळण्याइतका वैजनाथ बावळट नव्हता. अनुग्रह झाला की गळ्यात माळ पडते. मणी थोडेच उरले होते. त्याला एकदम भरून आलं. इतकी वर्षं शेडमध्ये काढली, पण शेवटी जे कुणाला सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, आणि आपल्या हातानं आपण सुटलो. मठात असा शिष्य आजवर झाला नसेल, असंही त्याच्या मनात आलं. आलं ते आलं, त्यानं ते हाकललं नाही.

...

मग त्याचा कान टवकारला. तिरका केलेला नव्हे, दुसरा. माळाकडचा.

काहीतरी कमी होतं.

दोन इंजिनांचे आवाज त्याच्या अंगात मुरलेले होते. एक नंबरचा जड ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ, किंचित मागं राहणारा दोन नंबरचा. झोपेतसुद्धा त्याला ते वेगवेगळे कळायचे. आत्ता ठोका येत होता, पण त्याच्या मागून कुणी येत नव्हतं.

त्यानं फोन बघितला. दोन्ही हिरवी.

त्यानं कान दिला. एकच.

आयुष्यात पहिल्यांदा वैजनाथाला स्वतःच्या कानाचा राग आला.

“काय झालं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही, महाराज.”

“चेहरा का पडला?”

“दोन नंबर... बंद आहे.”

“हिरवं आहे म्हणालास.”

“हिरवं आहे.”

“मग?”

“बंद आहे, महाराज!”

तो उठून पळत सुटला. चपला पायरीशीच राहिल्या.

शेडमध्ये दोन नंबर खरंच थंड उभं होतं आणि केशव पंच्यानं वारा घेत होता.

“बंद कुणी केलं?”

“म्हाराजांनी सांगितलं की. सकाळीच म्हनले, दूध गार झालं की दोन नंबर बंद कर.” केशवनं भिंतीकडं बोट केलं. “तुमच्या त्या डबड्यानं सांगितलं न्हाई व्हय?”

डबड्यानं सांगितलं नव्हतं. वैजनाथानं त्याच्यापासून निघालेली वायर बघितली, पत्र्यातून बाहेर गेला, वायरीबरोबर खांबापर्यंत पोचला. वायर तिथंच होती. वायरीच्या टोकाला काही नव्हतं.

तो ओट्याशी परत आला तेव्हा धापा टाकत होता. बुवांनी उपरण्याची गाठ सोडली आणि आतली बोटभर अँटेना काढून पायरीवर ठेवली.

“कान आणि तोंड,” ते म्हणाले. “फिरवली, निघाली. तू म्हणालास तसंच. सोपं.”

“हे बरं नाही केलंत, महाराज.” त्याचा आवाज कापत होता. रागानं म्हणा, लाजेनं म्हणा, दोन्ही सारखंच होतं. “मी चुकलो असतो तर सांगायचं. माझं काम असं...”

“मेलेला माणूस ओरडतो का रे?”

“...नाही.”

“मग त्याचंही सगळं ठीक?”

आत वीणा चालू होती.

वैजनाथानं वाकून अँटेना उचलली, शर्टाला पुसली आणि शेडकडं चालू लागला. चपला घालायच्या राहिल्याच.

चूक मोडेमची नव्हती. काही झालं तरच बोल, असं त्याला शिकवलं होतं, आणि ते शिकवल्याप्रमाणं गप्प बसलं होतं. फोनला शेवटचं जे कळलं, ते धरून तो हिरवा राहिला. बिघाडासाठी सगळी तयारी केली आणि नुसत्या असण्यासाठी काहीच केली नाही. हे कळायला वैजनाथाला फार वेळ लागला नाही. मोठा इंजिनिअर होता तो.

मग त्यानं लॅपटॉप उघडला आणि मोडेमला नव्यानं शिकवायला घेतलं.

आता बिघाड असो नसो, बोलायचं. दर मिनिटाला एकच शब्द पाठवायचा. आहे. तो शब्द आला नाही की फोननं हिरवा दिवा विझवायचा आणि बोंब मारायची.

झाल्यावर त्यानं स्वतः जाऊन अँटेना फिरवून काढली. थोड्याच वेळात खिशातला फोन असा किंचाळला, की गोशाळेतल्या गायींनी माना वळवल्या. वैजनाथ हसला. अँटेना पुन्हा बसवली, घट्ट केली, वर टेप गुंडाळला. गेलेली छाती पुन्हा वीतभर पुढं आली, आणि या वेळी ती जास्त शोभत होती.

वळून बघतो तर शेडच्या दारात बुवा उभे. एका हातात ओवून झालेली माळ, दुसऱ्या हातात बुक्क्याची डबी.

वैजनाथानं मान पुन्हा तिरकी केली. आनंदानं.

“काय म्हणतो तुझा पहारेकरी?” बुवांनी विचारलं. इंजिनाच्या आवाजात त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“‘आहे’ म्हणतो, महाराज. दर मिनिटाला.”

“कुणी विचारतं त्याला?”

“नाही.”

“कुणी ऐकत नसलं तर?”

“तरी म्हणतो.”

“इंजिन बंद पडलं तर?”

“चालू असो, बंद असो. त्याचं म्हणणं चालूच.”

“कधी थांबायचं म्हणून सांगितलंस?”

“थांबायचं सांगितलंच नाही. जिवात जीव आहे तोवर.”

बुवा भिंतीपाशी गेले. मोडेमवर बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग चिमूटभर बुक्का घेऊन डब्यावर लावला, हातातली तुळशीची माळ मोडेमच्या वरच्या स्क्रूला अडकवली आणि त्याच्यापुढं हात जोडले.

केशवनंही गडबडीनं हात जोडले. काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं.

वैजनाथ माळेकडं बघत राहिला. अभिमान वाटला, नाही असं नाही. आपल्या हाताच्या कामापुढं गुरूनं हात जोडावेत, हे कुठल्या शिष्याच्या नशिबी येतं? पण माळ ती माळच. इतक्या वर्षांची आशा त्या स्क्रूला लोंबत होती.

“ती... माझ्यासाठी होती ना, महाराज?”

“होती.”

“मग?”

“पहारा त्यानं घेतला ना?”

“घेतला.”

“नामही त्याला मिळालेलं दिसतंय.” बुवांनी डबीचं झाकण लावलं. “कुणी दिलं?”

“मी दिलं!”

हे तो इतक्या जोरात म्हणाला, की एक नंबरच्या धडधडीवरूनही ते स्वच्छ ऐकू आलं. म्हणताना त्याची मान ताठ होती.

बुवांनी मान डोलावली आणि जायला वळले. वैजनाथ आडवा आला. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं.

“आणि माझं, महाराज? दगडालोखंडाला मिळालं, मला कधी? इतकी वर्षं इथं बसलो. मला अजून मिळालंच नाही.”

बुवा उंबऱ्यात थांबले. त्यांच्या मागं एक नंबर ठोके टाकत होतं, भिंतीवर हिरवा दिवा लुकलुकत होता.

“तुला मिळालंच नाही म्हणतोस...” बुवा म्हणाले. “मग त्याला दिलंस, ते कुणाचं?”