सत्काराचा हार

फुलं निर्यात करणाऱ्या कंपनीचे मालक दामोदर पाटसकर विद्यापीठात आले, तेही ठरल्या दिवसानंतर आठवड्यानं. डॉ. खरोटेबाईंनी फुलं ताजी ठेवणारा फवारा शोधला होता. तो बाजारात आणायला त्यांना या कंपनीची साथ हवी होती.

रिवाजाप्रमाणे गुलाबाचा हार घालून सत्कार झाला. पाटसकर भाषणाला उभे राहिले.

“विद्यापीठाचं संशोधन प्रयोगशाळेच्या दाराबाहेर टिकत नाही,” ते म्हणाले. मग गळ्यातल्या हाराला हात लावून बाईंकडे वळले. “असा टवटवीतपणा टिकवून दाखवा, मी आत्ता करारावर सही करतो.”

“करा साहेब,” बाई म्हणाल्या. “हा हार गेल्या सोमवारचाच आहे. तुम्ही आला नाहीत, म्हणून फवारा मारून खुंटीला अडकवून ठेवला होता.”

पाटसकरांनी हार हुंगून पाहिला आणि खिशातलं पेन काढलं.