न छापलेली ढेप

गूळ कंपनीचे इंगवलेसाहेब छापखान्यात येऊन गुरगुरले, "शाई वाचवायच्या गप्पा मारता ना? मग आमच्या खाकी कागदाच्या पिशवीवर फक्त हिरवी शाई वापरा. पण गुळाची ढेप तपकिरीच दिसली पाहिजे. नाहीतर ऑर्डर रद्द!"

मशीन चालवणारी हौसा मगदूम म्हणाली, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी पिशवी बघून साहेब चक्रावले. हिरव्यागार उसात अस्सल तपकिरी ढेप! त्यांनी शाईचे डबे उघडून पाहिले, सगळे हिरवेच. मशीनवर रबरी ठसाही एकच. "चोरून रंग लावलाय!" म्हणत त्यांनी ढेप नखानं खरवडली. रंग काही निघेना, पिशवीला मात्र भोक पडलं.

"निघेल कसा, साहेब?" हौसा म्हणाली. "ढेप छापलीच नाही, भोवतीचा ऊस तेवढा छापला. तुम्ही भोक पाडलंत ते तुम्हीच पाठवलेल्या कोऱ्या कागदाला."