साळू आणि काळकड्याचा मध

एक होता राजा. त्याला बसू दे तिकडे गडावर. त्याच्याकडे आपण जाऊ नंतर, तेही थोडा वेळच. आपली गोष्ट गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या साळूची.

साळू बांबूची सुपं-टोपल्या विणायची. तिच्या टोपलीत पाणी ओतलं तरी गळायचं नाही म्हणे. हसू नका, लोक सांगायचे! घरात नवरा होता, भिवा. थोरली मुलगी मंजुळा सात वर्षांची आणि धाकटी ठकी अजून पाळण्यात. चौघांचं बरं चाललं होतं.

मग एकदा काय झालं, भिवा बांबू तोडायला गेला आणि त्याला पान लागलं. पान लागलं म्हणजे साप चावला. त्याचं नाव घ्यायचं नसतं ना, म्हणून पान लागलं म्हणायचं. भिवा गेला. साळूला काही सुचेना. बांबू हातात घेतला की रडू, पोरींना जवळ घेतलं की रडू.

त्या गावाजवळ एक कडा होता, काळकडा. त्याला काळ्या मधमाश्यांचं पोळं लोंबायचं, हे एवढं, हत्तीच्या कानाएवढं. एक मधवाला तिथला काळाभोर मध द्रोणात घालून गावोगाव फिरायचा. त्यानं साळूला रडताना पाहिलं. म्हणाला, "बाई, एक बोट चाटून बघ. फुकट घे."

साळूनं चाटलं. आणि काय सांगू, छातीवरचा धोंडा कुणी उचलून नेल्यासारखं झालं. कितीतरी दिवसांनी तिला झोप लागली.

पण त्या मधाची एक खोड होती, बरं का. तो दुःख न्यायचा एका दिवसापुरतं, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट करून आणून टाकायचा. शिवाय जाताना घरातलं आणखी काहीतरी उचलायचा. आधी त्यानं साळूची भूक नेली. मग हातातली कला नेली. मग लाज नेली. आणि मध आता फुकट मिळत नव्हता. टोपल्या गेल्या, तांब्या-पितळी गेली. एका दुपारी मंजुळा निजली होती, तर साळूनं तिच्या पायातले पैंजण हळूच काढले आणि मधवाल्याच्या हातावर ठेवले.

मंजुळा जागी होती. डोळे मिटून तशीच पडून राहिली.

भिवाची मोठी बहीण होती, धुरपा. शेजारच्या वाडीत एकटीच राहायची, पोटी लेकरू नव्हतं. ती यायची, रागवायची, समजवायची. साळू देवाची शपथ घ्यायची, "वन्सं, सोडला मध." तीनदा शपथ घेतली, तीनदा मोडली. शेवटी तिनं राजाच्या देवघरातली समई चोरली. शिपायांनी पकडलं. राजानं तीन वर्षं गडावरच्या कोठडीत टाकलं. झालं, राजाचं काम संपलं.

धुरपा पोरींना आपल्या घरी घेऊन गेली.

कोठडीत मध कुठला? साळूचं अंग मोडून आलं. हातपाय थरथरायचे. कानात माश्या गुणगुणायच्या, "एक बोट, साळू, एकच बोट." तिथं पेज वाटणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "जन्माची शपथ घेऊ नकोस पोरी, जन्म लई मोठा असतो. आजच्या दिवसाला नको म्हण. उद्याचं उद्या बघू." मग साळू रोज सकाळी तेवढंच म्हणायची. आज नको. दळण दळायची आणि म्हणायची, आज नको. असं करता करता एक दिवस तिला भूक लागली. मग हळूहळू हात ओळखीचे झाले. सगळ्यात शेवटी लाज परत आली, आणि ती आली तेव्हा साळू तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली.

तीन वर्षांनी दार उघडलं. साळू गड उतरली ती थेट धुरपाच्या अंगणात.

"वन्सं, पोरी आहेत?"

धुरपा उंबऱ्यात उभी राहिली. बाजूला झाली नाही. "आहेत. पण तू आत यायचं नाहीस."

"मी शब्द देते, वन्सं…"

"शब्द नको. तुझे शब्द मी खूप ऐकले. यायचं तर रोज ये, अंगणात बस, दिवस मावळायच्या आत जा. मग बघू."

मग साळू रोज यायला लागली. शेवग्याखाली बसायची आणि टोपल्या विणायची. ठकी आता चार वर्षांची झाली होती. ती आधी लांबून बघायची, मग जवळून, मग एक दिवस साळूच्या मांडीलाच टेकून बसली. "तू कोण गं?" म्हणाली. तेवढ्यात आतून धुरपाची हाक आली. ठकी म्हणाली, "थांब हां, आई बोलावतेय."

साळूच्या काळजात कसं झालं असेल! पण ती म्हणाली, "जा बाळा. आईनं हाक मारली की लगेच जायचं."

धुरपानं दाराआडून ते ऐकलं. त्या दिवशी पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर ताटली आली. भाकरी, ठेचा आणि कांद्याची फोड.

मंजुळा मात्र जवळ आली नाही. पाणी भरायला जाता-येताना मान फिरवून जायची. साळूनं तिच्यासाठी छोटं सूप विणलं, रंगीत काठाचं. मंजुळानं ते उचललं आणि सरळ चुलीत घातलं. साळू दुसऱ्या दिवशी परत आली.

मग एकदा काय झालं, वाटेच्या वळणावर तोच मधवाला भेटला. "साळूबाई! ही घे जुन्या ओळखीची भेट." साळूनं द्रोण हातात घेतला. नाकाशी नेला. किती वेळ ती तशी उभी होती, तिचं तिलाच कळलं नाही. मग तिनं द्रोण मातीत उलटा केला आणि पळत सुटली. अंगणात पोचली तेव्हा दात वाजत होते.

"वन्सं, मी आज मध हातात घेतला होता. ओतला, पण घेतला होता. तुम्हाला सांगितल्याशिवाय बसवेना."

धुरपानं तिला पाणी दिलं. शेजारी बसून राहिली. आत मंजुळा धान्य पाखडत होती. तिचे हात थांबले होते.

दुसऱ्या दिवशी साळू आली, तर ठकी अंगणात रडत होती. "ताई काळकड्यावर गेली. मला नेलं नाही!"

साळू धावली. आणि चार पावलांवर थांबली.

"वन्सं," ती म्हणाली, "मी एकटी गेले तर कदाचित परत यायची नाही. तुम्ही चला. विहिरीचा दोर घ्या."

ठकीला शेजारणीकडे ठेवून दोघी निघाल्या. मंजुळा कड्याच्या मधोमध एका कपारीत अडकली होती. वर जाता येईना, खाली येता येईना. भोवती काळ्या माश्या. साळूनं दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं धुरपानं हाताला गुंडाळलं आणि पाय रोवून उभी राहिली.

"मी मधाकडे वळले तर ओढा," साळू म्हणाली. "लागलं तरी चालेल, पण ओढा."

मग ती चढली. वरच्या पोळ्यातून मध ठिबकत होता. आणि माश्या बोलायला लागल्या. माणसासारख्या, अगदी गोड आवाजात. पहिली म्हणाली, "दमलीस गं साळू. एक बोट घे." साळू चढत राहिली. दुसरी म्हणाली, "भिवाचं दुःख पुन्हा नेऊ का कुठे लांब?" साळूचा पाय घसरला, दोर ताणला गेला, पण ती चढत राहिली. तिसरी अगदी कानाशी येऊन म्हणाली, "तुझ्या लेकीनं सूप जाळलं. तुझ्याकडे बघत नाही. ते तरी विसरायचंय ना?"

साळू थांबली. म्हणाली, "नाही. तिनं माझ्यावर धरलेला राग आहे तो. मला तो पाहिजे. मी तो विसरणार नाही."

माश्या चिडल्या आणि तुटून पडल्या. साळूनं कपार गाठली, पदर सोडून मंजुळाला पुरती झाकली आणि स्वतः उघडी राहिली.

पदराच्या आत मंजुळा हमसून हमसून रडायला लागली. "मला बघायचं होतं, आमच्यापेक्षा गोड काय होतं ते!"

"गोड नव्हतं गं," साळू म्हणाली. "फक्त दुखायचं थांबायचं."

"तू माझे पैंजण काढलेस. मी जागी होते."

साळूला हे ठाऊक नव्हतं. माश्या चावत होत्या, पण त्यांचं तिला काही वाटेना. ती म्हणाली, "माझं चुकलं, मंजू. फार चुकलं." एवढंच. भिवा गेला म्हणून, मधवाला आला म्हणून, असलं काही तिनं सांगितलं नाही.

मंजुळानं तिच्या गळ्यात हात टाकले. खाली उतरायला ते करावंच लागणार होतं, पण जमिनीला पाय लागले तरी तिनं ते काढले नाहीत.

साळूचा चेहरा असा सुजला होता, की डोळे दिसेनात. धुरपाचे तळहात दोरानं सोलून निघाले होते. धुरपानं चंचीतला चुना काढला, तर मंजुळा म्हणाली, "द्या आत्या, मी लावते." आणि एकेका डंखावर तिनं हळूच चुना लावला.

त्या दिवशी साळू उंबऱ्याच्या आत आली.

लगेच सगळं नीट झालं का? नाही हो. मंजुळा कितीतरी महिने साळूला कसलीच हाक मारायची नाही. "अहो", "इकडे", असंच चालायचं. ते पोळंही तिथंच होतं, आणि कधीमधी साळूच्या कानात गुणगुण सुरू व्हायची. मग ती हातातलं काम टाकून म्हणायची, "वन्सं, आज जरा माझ्याजवळ बसा." आणि धुरपा बसायची.

मग एका सकाळी मंजुळा चुलीपुढून ओरडली, "आई! भाकरी करपतेय!"

तर काय, परसातून धुरपा धावली आणि अंगणातून साळू. दोघी दारात एकमेकींवर आदळल्या. भाकरी करपली ती करपलीच. चौघींनी हसत हसत तीच खाल्ली.

आणि मग त्या चौघी त्या घरात सुखानं राहिल्या, भांडत, टोपल्या विणत, खूप वर्षं. तुम्हीही तसेच राहा. चला, पाय आत घ्या, ती गोधडी एकट्यानं ओढू नका. मिटा डोळे. दिवा मी मालवते.