घाटावरची चिंच

“घाटावर चिंच होती की नव्हती? एवढंच सांगा, बाबा.”

विचारणारा आमचा दिगू. चाळीस वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, गोदामात खोकी उचलता उचलता आमच्याच गावावर कादंबऱ्या लिहायला लागला आणि भलताच मोठा झाला. गावात परत आला तो आज पहिल्यांदाच. चौथीपर्यंत आम्ही एका तरटावर बसायचो. पुढं तो शिकला, मी सुटलो.

मदारबाबा फकीर दर्ग्याच्या पायरीवर चिलीम पुसत होते. नव्वदीचा माणूस, तोंडात दात एक, तोही पाहुण्यासारखा. दिगूला गोष्ट सांगायला शिकवलं ते यांनीच.

“नव्हती,” बाबा म्हणाले.

दिगूचा चेहराच उतरला.

मी म्हणालो, “अरे, पहिल्याच पुस्तकात त्या चिंचेवर माझ्या आजीला हडळ करून बसवलीस. आता ती म्हातारी उतरायची कुठं?”

“थट्टा नको रे, भिक्या.” त्यानं खिशातून एक जुना फोटो काढला. “गाव सोडला त्या दिवशीचा. परवा सापडला. घाट आहे, चिंच नाही… तेव्हापासून ओळ सुचत नाही. झाडच खोटं, तर बाकीचं काय खरं? लिहिणं सोडतोय, बाबा. तुमच्या पायाशी सांगून सोडावं म्हणून आलो.”

“असं…”

बाबांनी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. “चल.”

आम्ही घाटावर गेलो.

तिथं चिंच उभी. चांगली डेरेदार. खाली शेळ्या रवंथ करत बसलेल्या.

दिगू झाडाकडं बघतो, फोटोकडं बघतो, पुन्हा झाडाकडं बघतो. मला हसू आवरेना.

“बाबा, नव्हती म्हणालात ना?”

“नव्हतीच.”

“मग ही?”

“तुझं पुस्तक काखेत मारून लोक यायचे. चिंच कुठाय म्हणायचे. नाही म्हटलं की तोंड एवढंसं करायचे… लावली.”

“पण ती माझी चूक होती!”

“हो.” बाबांनी खाली पडलेली एक चिंच उचलून त्या एकुलत्या दाताखाली धरली. “गाभुळते बघ छान.”

दिगूनं खोडाला हात लावला. मग तांब्या बुंध्याशी रिकामा केला.

“आता काय लिहू, बाबा?”

बाबांनी कपाळावर हात आडवा धरून लांब फाट्याकडं पाहिलं. तिथं बाया डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात, एस्टीची वाट बघत उभ्या होत्या.

“तिथं एक वड लिही.”