टाक्यांवरच्या काठ्या

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा कासवं माणसांशी बोलत, आणि माणसं चक्क ऐकतही.

एका डोंगरावर एकाखाली एक अशी पाण्याची टाकी खोदलेली होती. त्यांच्यावर दगडी झाकणं. एका उन्हाळ्यात पाणी खालच्या वाडीपर्यंत पोचेना. राजा म्हणाला, "पुनवेपर्यंत पाणी आलं नाही, तर वाडी उठवा."

टाक्यांची देखरेख एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडे होती. त्याची लेक त्याच वाडीत नांदत होती.

आतलं बाहेरून दिसावं म्हणून त्याने झाकणांना भोकं पाडली आणि वर निशाणं लावली. आत शेवाळ असेल तर हिरवं, मासे असतील तर पिवळं, पाणी गार असेल तर निळं. पाण्याच्या खोलीचंही एक होतं, पण ते त्या गर्दीत कुठेतरी. डोंगर जत्रेसारखा सजला. राजाने वाहवा केली. घोडं कुठे पेंड खातंय, ते मात्र कुणालाच कळेना.

एका भोकातून म्हाताऱ्या कासवाने मान वर काढली.

"पाटकरीबाबा, शोधतोयस काय?"

"पाणी कुठे मुरतंय ते."

"मग माझ्या शेवाळाची चौकशी कशाला?"

पाटकरी ओशाळला. इतक्या हौसेने लावलेली निशाणं काढताना त्याचा जीव तुटला, पण काढली. प्रत्येक टाक्यात एक वाळका भोपळा सोडला, त्यात उभी काठी रोवली. सकाळी एका टाक्यातून खालच्या टाक्यात पाणी सोडणाऱ्या सगळ्या मोऱ्या बुजवल्या. काठी झाकणातून जिथे वर येत होती, तिथे लाल दोरा बांधला.

दुपारी पाहतो तर सगळे दोरे जागच्या जागी. वडाखालच्या टाक्याचा तेवढा आत गेलेला! झाकण उचललं. वडाच्या मुळाने तळ फोडला होता. मूळ तोडलं, भेग चुन्याने लिंपली, मोऱ्या उघडल्या.

पुनवेच्या आधीच वाडीत पाणी आलं. राजाने विचारलं, "किती जणांना पुरेल?" पाटकऱ्याने काठीवर घागरींच्या खुणा केल्या. माळ्याने विचारलं, तेव्हा दुसऱ्या बाजूला वाफ्यांच्या केल्या. पाणी तेच, काठीही तीच.

लेकीने पहिली घागर भरली आणि बापाच्या पायांवर ओतली. म्हातारा रडला, हसलाही.

तात्पर्य: सगळंच दाखवायला गेलं की काहीच दिसत नाही, आधी काय शोधायचं ते ठरवावं, मग तेवढंच पुढे मांडावं.