शनिवारची रिकामी खुर्ची

एकदा एक तरुण नोकरीसाठी इंग्लंडच्या उत्तरेकडील एका गिरणगावात जाऊन राहिला. गिरण्या केव्हाच बंद पडल्या होत्या, नाव तेवढे उरले होते. त्याच गावात एक वृद्ध मराठी गृहस्थ उभा जन्म काढून बसले होते. ते गिरणीत कामाला आले, पुढे गिरणी गेली, पत्नीही गेली, पण ते गाव सोडून गेले नाहीत. तरुण दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाई आणि जेवता जेवता त्या देशाच्या रीती शिकून घेई. कोणाला नावाने हाक मारावी, कोणाच्या दारातूनच परतावे, थंडीबद्दल किती बोलावे, हे सारे त्याला त्यांनीच शिकवले होते.

एका रविवारी तो म्हणाला, "काका, मला फुटबॉलचा एक संघ निवडून द्या."

"कशाला?"

"ऑफिसात सोमवारी सगळे तेवढंच बोलतात. मला विचारतात, तुझा संघ कोणता. मी म्हणतो, अजून ठरवला नाही. मग बोलणं तिथंच संपतं. शुक्रवारी घरी आलो की पुढं तुमच्याकडं येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कधीकधी मुद्दाम दुकानात जाऊन दुधाची चौकशी करतो."

हे त्याने हसत सांगितले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. एकटेपणा माणसाला आतून पोखरतो आणि आधी माणूस त्याचीच थट्टा करू लागतो.

तरुण हुशार होता. उपवर मुलीच्या बापाने स्थळे पाहावीत तसे त्याने संघ पाहिले होते. घराणे किती जुने, मालकाची ऐपत किती, घरात चषक किती, सारे त्याला तोंडपाठ. चाळता चाळता दोन संघ उरले होते. दोन्ही दूरच्या मोठ्या शहरांतले, दोन्ही जिंकणारे.

"गावातला संघ पाहिलास?" वृद्धांनी विचारले.

"तो तर सारखा हरतो, काका. त्याला निवडून काय करू?"

वृद्धांनी ताटावरून उठून हात धुतला. मग म्हणाले, "मंगळवारी रजा काढ. काळे कपडे घालून ये."

संघ निवडायला काळे कपडे कशाला, हे तरुणाच्या ध्यानात आले नाही. आपल्याकडे मयताला कोणी काळे घालून जात नाही, त्यामुळे त्या देशातली ती रीत त्याला सुचली नाही.

मंगळवारी वृद्ध त्याला गावाबाहेरच्या दाहगृहात घेऊन गेले. आत लाकडी बाकांच्या रांगा होत्या आणि त्या साऱ्या रिकाम्या होत्या. दारात एक शवपेटी चाकांच्या गाड्यावर ठेवलेली होती. तिच्याजवळ अंत्यविधीच्या कंपनीची दोन माणसे घड्याळ पाहत उभी होती.

"कोण आहे हे?" तरुणाने दबक्या आवाजात विचारले.

"वसंत लोटलीकर. मीही ओळखत नव्हतो. नगरपालिकेच्या बाईंचा फोन आला, की यांच्या भाषेतलं कोणी सापडत नाही, तुम्ही येता का."

कंपनीची माणसे गाडा ढकलू लागली, तेव्हा वृद्धांनी हात आडवा धरला. "चाकांवर नको. खांद्यावर न्यायचं." माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि नाइलाजाने वाकली. पुढे ती दोघे, मागे वृद्ध आणि तरुण. ज्याचे तोंडही पाहिले नव्हते त्याचे वजन तरुणाच्या खांद्यावर आले. आत विधी चालवणाऱ्या बाईने मृताचे नाव वाचले, तेही चुकीचे. पेटीपुढे पडदा सरकला आणि सगळे आटोपले.

बाहेर आल्यावर तरुण रागावला होता. "काका, मी तुम्हाला फुटबॉलचं विचारलं होतं."

वृद्ध कठड्यावर बसले आणि दम खाऊन बोलू लागले. "त्याचंच उत्तर देतोय. या माणसाच्या कपाटात सदरे टांगलेले होते, नगरपालिकेच्या त्या बाईंनी मला दाखवले. जो संघ जिंकेल त्याचा सदरा हा घ्यायचा. मग दुसरा जिंकला की दुसऱ्याचा. जन्मभर हा कधी हरला नाही बघ. घरात बसून टीव्हीवर एकटा जिंकत राहिला. शेजाऱ्यांनी वास येतो म्हणून तक्रार केली, तेव्हा दार फोडलं. टीव्ही चालूच होता. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता रे, आणि मला ठाऊक नव्हतं."

ते कठड्यावरून उठले. "जिंकणाऱ्यांना तुझी गरज नाही. त्यांचा तू लाखांतला एक. हरणाऱ्यांच्या मैदानात माणसं थोडी असतात, म्हणून प्रत्येकाची जागा ठरलेली असते. संघ निवडताना जिंकतो कोण हे नको विचारू. एखाद्या शनिवारी आपली खुर्ची रिकामी दिसली, तर ते कोणाच्या लक्षात येईल, एवढं विचार."

त्या शनिवारी तरुण त्यांच्याबरोबर गावच्या मैदानात गेला. पाहुण्या संघाने एक देखणा गोल केला आणि तरुणाने टाळी वाजवली. क्रिकेटवर वाढलेला मुलगा, समोरच्याच्या चांगल्या फटक्याला दाद द्यायची सवय हाडात मुरलेली. सारी रांग मान वळवून त्याच्याकडे पाहू लागली. पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस वृद्धांना म्हणाला, "अप्पा, हा तुझा?"

"माझा," वृद्ध म्हणाले. "शिकेल हळूहळू."

"मग हात खिशात ठेवायला सांग त्याला," असे म्हणून त्या माणसाने आपल्या थर्मासमधला चहा तरुणापुढे केला. गावचा संघ सपाटून हरला. त्यानंतरही तो हरतच गेला. तरुण दर शनिवारी जाऊन बसू लागला आणि सोमवारी त्याला बोलायला विषय मिळाला, बहुतेक वेळा शिव्याच.

हिवाळ्यात एका शनिवारी सामना सुरू झाला तरी वृद्धांची खुर्ची रिकामी होती. तरुणाच्या मनात पाल चुकचुकली, पण तो काही बोलण्याआधीच पुढच्या रांगेतला माणूस उठला. "अप्पा कधी उशीर करत नाही. चल." खेळ तसाच टाकून ते निघाले, आणि रांगेतले आणखी काही जण त्यांच्यामागून आले.

दार फोडावे लागले. वृद्ध दिवाणखान्यात कोचावर होते. एक हात कोटाच्या बाहीत गेलेला, दुसरा जायचा राहिलेला. अंगात अजून ऊब होती. तरुण तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला आणि त्या जाडजूड माणसाने त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.

अंत्यविधीला तेच दाहगृह, तीच बाके. या वेळी बसायला जागा नव्हती. लोक गळ्यात संघाचे मफलर घालून भिंतीला टेकून उभे होते. मृताचे नाव वाचणारी बाईही तीच, पण ते कसे उच्चारायचे हे तिला कोणीतरी आधीच सांगून ठेवले होते.

गाडा कोणी आणूच दिला नाही. पेटी फाटकापासून खांद्यावर निघाली. तरुण घाईने पुढे झाला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या त्या माणसाने त्याला अडवले.

"थांब. तुझा खांदा वळणापासून पुढे."

तरुणाला कळेना. त्या देशात खांदे बदलण्याची रीत नाही.

"तुमच्यात वाटेत खांदे बदलतात ना?" तो माणूस म्हणाला. "बायको गेली तेव्हा अप्पाने आम्हाला शिकवलं होतं. तेव्हाही आम्हीच होतो."

तरुण वळणापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे आणखी माणसे येऊन थांबली, आपापली पाळी धरून. त्याचा संघ कोणता, हे त्यानंतर त्याला कोणी विचारले नाही.